सीमाभागात जुनी कार घेताना: आधी कागद, मग मेस्त्री, पैसे सगळ्यात शेवटी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात जुनी कार शोधायला निघालेल्या माणसापुढे तीन राज्यांच्या गाड्या येतात. बेळगावची केए २२ आणि चिक्कोडीची केए २३ तर असतेच. त्याशिवाय कोल्हापूरची एमएच ०९, सांगलीची एमएच १०, पुण्याहून आलेली एमएच १२ आणि चोर्ला घाटाच्या पलीकडच्या गोव्याच्या गाड्या. शिनोळी तर बेळगावच्या वेशीला लागूनच, पण तिथून महाराष्ट्र सुरू होतो. पर्याय भरपूर असतात आणि भावातही बराच फरक असतो. मात्र गाडीचा इतिहासही तेवढ्याच ठिकाणी विखुरलेला असतो. नोंदणी एका राज्यात, चलनं दुसऱ्या राज्यात, कर्ज तिसऱ्याच गावच्या पतसंस्थेचं आणि सर्व्हिसिंग भलतीकडेच. पहिल्यांदाच जुनी गाडी घेणाऱ्याने हा इतिहास कुठून आणि कसा गोळा करायचा, ते इथे क्रमाने सांगतो.

सुरुवातीलाच एक आग्रह. ‘ओळखीतली गाडी आहे’ म्हणून तपासणी टाळू नका. आपल्याकडे असे व्यवहार पाहुण्यांच्या, मित्रांच्या शब्दावर होतात आणि सांगणारा माणूस बहुतेक वेळा खरंच सांगत असतो. पण त्यानेही ती गाडी कुणाकडून तरी घेतलेली असते आणि त्याच्या आधीचं त्यालाही ठाऊक नसतं. कागद मागितले म्हणजे माणसावर अविश्वास दाखवला असं होत नाही. सख्ख्या मावसभावाची गाडी असली तरी तेच कागद मागा.

गाडी बघायला जाण्याआधी

फोनवरच आरसीच्या (गाडीच्या नोंदणीच्या कार्डाच्या) दोन्ही बाजूंचे आणि विमा पॉलिसीच्या सगळ्या पानांचे फोटो मागून घ्या. ‘आधी गाडी तर बघा, कागदाचं नंतर बघू’ असं उत्तर आलं तर पेट्रोल जाळून तिथवर जाऊ नका. विकायची गाडी असलेल्या माणसाला आरसीचा फोटो पाठवायला अडचण नसते.

नंबर मिळाला की परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन अॅपवर टाकून बघा. मालकाचं नाव तिथे अर्धवट झाकलेलं दिसतं, पण बाकी बरंच कळतं: नोंदणीची तारीख, इंधन, गाडीचा वर्ग, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहे, गाडीवर कर्जाची नोंद आहे का, गाडी दुसऱ्या आरटीओत न्यायची एनओसी (ना-हरकत पत्र) दिली गेली आहे का, गाडी काळ्या यादीत टाकली आहे का. जे तिथे दिसणार नाही ते आरसीवर बघा. विशेषतः निर्मितीचा महिना-वर्ष आणि मालक क्रमांक. डिसेंबर २०१८ मध्ये बनलेली आणि जून २०१९ मध्ये नोंदलेली गाडी विक्रेता ‘२०१९ चं मॉडेल’ म्हणून सांगतो. भाव करताना तुम्ही ती २०१८ ची धरा.

मालक क्रमांकाबाबत एक गोष्ट लक्षात असू द्या. आरसीवर ‘१’ असलं म्हणजे गाडी एकाच माणसाने वापरली असं नाही. तिचं नाव एकदाही बदललेलं नाही, एवढंच त्यातून कळतं. पहिल्या मालकाने सह्या केलेले मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० देऊन गाडी विकली, घेणाऱ्याने नाव न बदलता दोन वर्षं फिरवली आणि तेच फॉर्म पुढच्याला दिले, असे प्रकार सर्रास होतात. म्हणून आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याशी प्रत्यक्ष बोला. तो समोर येत नसेल, फोनवरही मिळत नसेल, तर विकणारा माणूस मालक नाही. मूळ मालक वारला असेल तर आधी वारसांनी गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यायची असते. वडिलांच्या नावावरची गाडी मुलगा तशीच विकतोय आणि बहिणींना पत्ताही नाही, अशा व्यवहारात हात घालू नका.

गाडीचा वर्गही वाचा. पूर्वी पिवळ्या पाटीवर टॅक्सी म्हणून धावलेली आणि नंतर खासगी करून पांढरी पाटी लावलेली गाडी बाहेरून ओळखू येत नाही. गोव्याच्या गाड्यांमध्ये आणखी एक प्रकार असतो, तो म्हणजे पर्यटकांना स्वतः चालवायला भाड्याने दिलेल्या, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या गाड्या. त्या दर दोन दिवसांनी वेगळ्या हातांत गेलेल्या असतात. क्लच, गिअरबॉक्स, सस्पेन्शन यांचे हाल आणि मीटरवरचं किलोमीटर यांचा मेळ बसत नाही. खासगीत रूपांतर झालेलं असलं तर त्याची नोंद आरटीओच्या दप्तरात असते, तेव्हा ती मागा.

आपल्या आरटीओत ‘बी-एक्स्ट्रॅक्ट’ नावाचा कागद मिळतो. गाडीच्या नोंदणी रजिस्टरचा उतारा म्हणजे बी-एक्स्ट्रॅक्ट. शेत घेताना आपण उतारा बघतो, तसाच गाडी घेताना हा बघायचा. मालकांची नावं, कर्ज, कर, शेरे हे सगळं त्यात असतं. आरसीचं कार्ड जुनं असू शकतं, उतारा ताजा असतो. तो काढायला मालकाला अर्ज करायला सांगा. किरकोळ खर्च येतो, तो तुम्ही द्या.

चलनांसाठी केंद्राच्या ई-चलन पोर्टलवर नंबर टाका. एमएच गाडी असेल तर महाराष्ट्र पोलिसांचं ई-चलनाचं स्वतंत्र संकेतस्थळ आहे, तेही बघा. पुणे-मुंबई करणाऱ्या गाडीवर वेगमर्यादेची चलनं साचलेली असतात. ती मालकाकडून भरून घ्या, किमतीतून वजा करून स्वतःच्या डोक्यावर घेऊ नका.

चोरीची गाडी आहे का, हे बघायला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या डिजिटल पोलीस संकेतस्थळावर मोफत सोय आहे. नोंदणी, चेसिस आणि इंजिन क्रमांक टाकले की देशभरातल्या चोरीच्या नोंदींशी ताडून अहवाल मिळतो. तो छापून ठेवा, पुढे आरटीओतही लागू शकतो.

एमएच किंवा जीए पाटीची गाडी: नीट हिशेब करा

सीमाभागातल्या खरेदीदाराचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. कोल्हापुरात तीच गाडी बेळगावपेक्षा पन्नास-साठ हजारांनी स्वस्त दिसते आणि आपण खूश होतो. हा फरक फुकट मिळत नाही, त्यामागे कर्नाटकचा आजीवन कर असतो.

कर्नाटकात खासगी कारवर हा कर देशातल्या सर्वांत जास्त करांपैकी आहे. पेट्रोल-डिझेल कारला मूळ किमतीनुसार १३, १४, १७ किंवा १८ टक्के, वर उपकर. पाच लाखांपर्यंत १३, पाच ते दहा लाखांना १४, दहा ते वीसला १७ आणि त्यापुढे १८. दुसऱ्या राज्यातली जुनी गाडी इथे आणून नोंदवताना हाच कर भरावा लागतो, फक्त गाडीच्या वयानुसार तो कमी होत जातो. मात्र हिशेबाला तुम्ही दिलेली किंमत धरत नाहीत, गाडी नवी असतानाची किंमत धरतात. नवी असताना आठ लाखांची असलेली गाडी तुम्ही साडेतीनला घेतली, तरी हिशेब आठ लाखांवरच. आठ लाखांचे १४ टक्के म्हणजे १,१२,०००. सहा-सात वर्षांच्या गाडीलाही यातला निम्म्याहून जास्त भाग भरावा लागतो. आता ते पन्नास-साठ हजार कुठे गेले बघा. व्यवहार ठरवण्याआधी तुमच्या आरटीओत गाडीचं मॉडेल, नोंदणी तारीख आणि मूळ बिल दाखवून कराचा आकडा विचारून घ्या. मूळ खरेदीचं बिल मालकाकडून आठवणीने मागा, कराच्या हिशेबात ते उपयोगी पडतं.

‘बारा महिने तशीच फिरवा, कोण बघतंय’ हा सल्ला तुम्हाला चार जण तरी देतील. त्यामागे मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ४७ आहे. एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो, असं ते कलम सांगतं. पण हे कलम मालक तोच असून गाडी हलली तर काय करायचं, याबद्दल आहे. गाडी विकली गेली की कलम ५० लागू होतं आणि विकत घेणाऱ्याने तीस दिवसांत मालकी बदलाची नोंद मागायची असते. म्हणजे बारा महिन्यांची सवलत कोल्हापूरच्या मालकाला बेळगावात नोकरीला आला तर आहे. गाडी तुम्ही विकत घेतली असेल तर ती तुम्हाला नाव न बदलता फिरण्याची मोकळीक देत नाही.

दुसरा सल्ला मिळतो तो चंदगडच्या किंवा गडहिंग्लजच्या मामांच्या नावावर गाडी घेण्याचा. पत्ता महाराष्ट्रातला, पाटी एमएच, कर वाचला. मामांचा जीव टांगणीला लागतो तो इथे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, गाडी मधल्या मध्ये कितीही हातांतून गेलेली असो. तुमच्या हातून अपघात झाला आणि विम्यात काही खोट निघाली, तर नुकसानभरपाईचा दावा मामांच्या दारात जाईल. शिवाय गाडी रोज बेळगावात उभी असते हे लपत नाही. नात्याला असलं ओझं देऊ नका.

सगळा हिशेब करूनही परराज्यातली गाडी परवडत असेल, तर रीतसर मार्ग असा आहे. आधीच्या आरटीओतून फॉर्म २८ वर एनओसी मिळते. ती तुम्ही जिथे राहता त्या आरटीओच्या नावाने काढायला सांगा. बेळगाव शहर-खानापूरला बेळगाव, निपाणी-चिक्कोडीला चिक्कोडी, गोकाकला गोकाक, बैलहोंगलला बैलहोंगल. चुकीच्या कार्यालयाच्या नावाने निघालेली एनओसी म्हणजे पुन्हा कोल्हापूरची खेप. एनओसीसाठी जुनी चलनं मिटलेली आणि कर्ज असेल तर ते देणाऱ्याची संमती असावी लागते, त्यामुळे तो कागद हातात आला की बरीच तपासणी आपोआप होते. म्हणून माझं म्हणणं असं की परराज्यातल्या गाडीला एनओसी निघाल्यावरच मोठी रक्कम द्यावी. त्यानंतर इथल्या आरटीओत मालकी बदल आणि नवा क्रमांक यांचे अर्ज, कर, मोटार वाहन निरीक्षकांकडून गाडीची पाहणी आणि मग केए पाटी.

दिल्लीच्या गाड्यांबद्दल थोडक्यात. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून त्या गाड्या स्वस्तात दक्षिणेकडे येऊ लागल्या. एनओसी प्रत्यक्ष बघितल्याशिवाय त्यांचा विचारही करू नका.

कर्ज आहे का, कुणाचं

आरसीवर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव असेल तर कर्ज फिटल्याचं पत्र आणि कर्जाची नोंद काढण्याचा, सही-शिक्का असलेला फॉर्म ३५ बघा. पत्र असून नोंद काढलेली नसेल तर ती काढून घ्यायला सांगा. हे पत्र फार जुनं झालं तर आरटीओ नवं मागते आणि बँकेने दोनदा नाव बदललं असेल तर नवं पत्र मिळवताना दमछाक होते. आपल्याकडे पतसंस्था आणि सोसायट्यांची कर्जं पुष्कळ. आरसीवर नोंद नाही, पण मूळ आरसी ‘सोसायटीत ठेवलीय’ असं कळलं तर गाडी अडकलेली आहे असंच समजा. मूळ आरसी हातात घेऊन बघा. झेरॉक्स चालत नाही, फोटोही नाही.

विमा पॉलिसी वाचायला शिका

जुन्या कारच्या कागदांत सगळ्यात बोलका कागद हाच असतो. तरी बहुतेक जण त्यावर मुदत संपायची तारीख बघतात आणि बाजूला ठेवतात.

पॉलिसीवर ‘नो क्लेम बोनस’ अशी एक टक्केवारी असते. वर्षभरात क्लेम घेतला नाही तर पुढच्या वर्षी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात सूट मिळते. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षं सलग क्लेम नसेल तर ५०. एक क्लेम घेतला की पुढच्या नूतनीकरणाला ही सूट शून्यावर येते. आता जून २०१९ मध्ये घेतलेली, एकाच मालकाची गाडी समजा. जून २०२४ च्या पॉलिसीवर ५० टक्के दिसले तर पाच वर्षांत क्लेम नाही. २० टक्के दिसले तर? २०२३ च्या नूतनीकरणाला सूट शून्य होती, म्हणजे जून २०२२ ते जून २०२३ या काळात काहीतरी घडलं होतं. मालक म्हणतोय ‘गाडीला ओरखडा नाही’ आणि पॉलिसी वेगळंच सांगतेय.

लगेच चोर ठरवू नका. बंपर फुटल्याचा छोटा क्लेम असू शकतो. विम्याचं नूतनीकरण नव्वद दिवसांपेक्षा जास्त लांबलं तरी बोनस जातो. आधीच्या मालकाने आपला बोनस नव्या गाडीवर नेलेला असू शकतो, कारण तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. आणि बोनस सांभाळणारं जास्तीचं कलम घेतलेलं असेल तर क्लेम होऊनही आकडा तसाच राहतो. तेव्हा टक्केवारी हा पुरावा मानू नका, प्रश्न विचारायला तिचा उपयोग करा. मालकाला त्याच्या नोंदलेल्या मोबाईलवरून विमा कंपनीला तुमच्यासमोर फोन लावायला सांगा आणि ‘माझ्या गाडीवर आतापर्यंत कोणते क्लेम झाले’ एवढंच विचारायला सांगा. क्लेम झाला असेल तर दुरुस्तीचं बिल मागा. बिलावर बंपर आणि दिवा असेल तर सोडून द्या. एअरबॅग किंवा एप्रन, रेडिएटर सपोर्ट, खांब असे सांगाड्याचे शब्द असतील तर गाडीही सोडून द्या.

किलोमीटर

मीटर मागे फिरवणं अवघड नाही आणि महागही नाही. म्हणून मीटरवरचा आकडा म्हणजे विक्रेत्याचं म्हणणं, एवढंच समजा.

कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरची नोंद मागा. मालक सोबत असेल तर सल्लागार स्क्रीनवर सगळ्या भेटी दाखवतो, अनेक कंपन्यांच्या अॅपवरही मालकाला त्या दिसतात. तारीख आणि किलोमीटर जोडीने वाचत जा. आकडा सतत वाढत गेला पाहिजे. वॉरंटी संपली की आपल्याकडचे लोक बाहेरच्या गॅरेजला जातात, त्यामुळे नंतरच्या नोंदी नसणं संशयास्पद नाही. पण २०२२ मध्ये ७१,००० ची नोंद आणि आज मीटरवर ६२,००० असेल तर बोलणं संपलं.

दुसरा उपाय फास्टॅगचा. मालकाला त्याच्या फास्टॅगचं मागच्या काही महिन्यांचं विवरण दाखवायला सांगा. ‘गाडी गावातच फिरते, रविवारी देवाला नेतो’ असं सांगितलं जातं आणि विवरणात हत्तरगी, कोगनोळी, किणी हे टोल आठवड्यातून तीनदा दिसतात. बेळगाव-पुणे जाऊन येऊन साधारण सातशे किलोमीटर होतात, पुढचा हिशेब तुम्हीच करा.

बाकी खुणा तुम्हालाही ठाऊक असतील: गुळगुळीत झालेलं स्टिअरिंग, झिजलेलं पेडलचं रबर, बसलेली ड्रायव्हरची सीट. टायरवर चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तीस हजार चाललेल्या गाडीला चारही टायर नवे कशाला लागले, हे विचारा.

पुराचं पाणी

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ आपण विसरलेलो नाही. कृष्णा, पंचगंगा, वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा, मलप्रभा या नद्यांनी सांगली-कोल्हापूरपासून गोकाक-रामदुर्गपर्यंत घरं आणि गोठे बुडवले, तशा गाड्याही बुडवल्या. धुऊन, वाळवून, नवे सीट कव्हर घालून त्यातल्या कितीतरी गाड्या पुन्हा बाजारात आल्या. पाण्यात बुडालेली गाडी लगेच त्रास देत नाही. दोन-तीन पावसाळ्यांनंतर वायरिंगचे जोड गंजतात, काच वर होत नाही, एअरबॅगचा दिवा पेटतो, गाडी मधूनच बंद पडते, आणि मेस्त्रीला कारण सापडत नाही.

या दोन तारखा डोक्यात ठेवूनच मालकाला विचारा: तेव्हा गाडी कुठे होती? सांगलीची गाडी, आणि पॉलिसीचा बोनस नेमका ऑगस्ट २०१९ नंतरच्या नूतनीकरणाला शून्यावर आलेला, असं जुळलं तर पुढे बघायचीही गरज नाही.

गाडीत बसल्यावर पहिल्यांदा सीटबेल्ट ओढा. नेहमी लावतो तेवढा नाही, पूर्ण, शेवटपर्यंत. पट्ट्याचा शेवटचा वीतभर भाग एरवी आतल्या गुंडाळीतच राहतो. गाडी धुणारा तिथे सहसा पोचत नाही. त्या भागावर मातकट रेघ, आडवा डाग किंवा बोटाला लागणारा बारीक गाळ दिसला तर पाणी सीटच्या वर गेलं होतं. मागच्या सीटचे पट्टेही असेच ओढा. पट्ट्याच्या खालच्या टोकाला शिवलेल्या चिठ्ठीवर निर्मितीची तारीख असते, ती गाडीच्या वर्षाशी जुळते का बघा. पट्टे नवे असतील तर का बदलले, हा प्रश्न आलाच. मग सीट पुढे सारून रुळाचे बोल्ट, डिकीतल्या स्टेपनीखालची खोलगट जागा, गालिचाची कड उचलून खालचा पत्रा, डॅशबोर्डखालचे स्क्रू बघा.

खानापूर-जांबोटीकडच्या गाड्यांत एक फरक करावा लागतो. तिथल्या पावसात दाराच्या रबरातून पाणी झिरपून गालिचा कुबट होतो, बुरशी येते. ते पुराचं लक्षण नाही. पुराने गाळ येतो, पावसाने नुसती ओल. गोव्याच्या गाडीचा गंज आणखी वेगळा. खाऱ्या हवेने तो दारांच्या खालच्या कडा आणि खालचा पत्रा यांत धरतो. गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय तो दिसत नाही, वर रंग मारलेला असला तर अजिबात नाही.

चेसिस क्रमांक आणि पाटी

पत्र्यावर कोरलेला चेसिस क्रमांक कुठे असतो ते कंपनीनुसार बदलतं, मेस्त्रीला विचारा. त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल फिरवा आणि छाप घ्या. अक्षरांची खोली आणि अंतर सारखं हवं, भोवतालचा पत्रा घासलेला किंवा नव्याने रंगवलेला नको. मग छाप आणि आरसी अक्षर-अक्षर ताडा. एकूण सतरा अक्षरं-आकडे असतात आणि त्यांत आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात. मारुतीचे क्रमांक एमए३, ह्युंदाईचे एमएएल, टाटाचे एमएटी, महिंद्राचे एमए१ ने सुरू होतात. पार चुरा झालेल्या गाडीची आरसी चोरीच्या गाडीला चिकटवणारे लोक आहेत, आणि ते नेमके या छापेत पकडले जातात.

एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी कंपनीकडूनच येते. समोरच्या काचेवरचा स्टिकर पेट्रोल-सीएनजीला फिकट निळा, डिझेलला नारिंगी असतो. सीएनजी किंवा एलपीजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर त्याची नोंद आरसीवर आणि विम्यात दोन्हीकडे हवी.

मेस्त्री

कागद पटले तरच मेस्त्रीला न्या. मेस्त्री तुमचा हवा आणि त्याचे पैसे तुम्ही द्यायचे, विक्रेत्याने सुचवलेला नको. उद्यमबागेतला असो की तुमच्या गावचा, तो त्या कंपनीच्या गाड्या रोज उघडणारा असला म्हणजे झालं. त्याला तीन गोष्टी नक्की करायला सांगा: सकाळी थंड इंजिन सुरू करून ऐकणं, गाडी लिफ्टवर चढवणं आणि गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचणारा स्कॅनर लावणं. काही गाड्यांत स्कॅनरवर मीटरशिवाय दुसऱ्या ठिकाणी साठलेले किलोमीटरही दिसतात. बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर ते भाग उघडलेले आहेत. काचांवरचे वर्षाचे कोड एकमेकांशी जुळले पाहिजेत. मेस्त्री ‘नको’ म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका, रंग कितीही आवडलेला असो.

व्यवहार

दुकानातून गाडी घेत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र घ्यावं लागतं. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद फॉर्म २९ सी ने पोर्टलवर होते. हे दोन्ही दाखवायला सांगा. नसेल तर तो नुसता मध्यस्थ आहे, मग मूळ मालकाला समोर बोलवा.

बाँडवर केलेला करार हा फक्त पुरावा असतो, त्याने मालकी बदलत नाही. तरी तो करा, आणि त्यात ताबा दिल्याची तारीख तर लिहाच, वेळही लिहा, म्हणजे त्याआधीचं चलन किंवा अपघात कुणाचा यावर वाद राहत नाही. करार कन्नडमध्ये टाइप केलेला असेल आणि तुम्हाला वाचता येत नसेल, तर वाचणाऱ्या माणसाकडून ओळ न ओळ समजून घेतल्याशिवाय सही करू नका. कोऱ्या फॉर्मवर तुम्ही सही करू नका, मालकालाही करू देऊ नका.

टोकन कमीत कमी द्या. मोठी रक्कम बँकेतूनच आणि आरसीवर नाव असलेल्या माणसाच्याच खात्यात. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला आयकर कायद्याची मनाई आहे. मालकी बदलाच्या ऑनलाइन अर्जाला विक्रेत्याच्या मोबाईलवर ओटीपी येतो. त्याचा नोंदलेला नंबर बंद पडलेला असेल तर आधी तो बदलून घ्या, पैसे दिल्यावर हे काम करून घ्यायला कुणी फोन उचलत नाही. थोडी रक्कम नाव बदलेपर्यंत मागे ठेवायची बोली आधीच करा.

गाडी ताब्यात आली की चौदा दिवसांत विमा स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्या. तिऱ्हाइताच्या नुकसानीचं संरक्षण आपोआप तुमच्याकडे येतं, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नावातल्या फरकामुळे अडतो. जुन्या मालकाच्या बोनसच्या सवलतीएवढा फरक तुम्हाला भरावा लागेल, तो किमतीत आधीच धरा. जुना फास्टॅग मालकाला बंद करायला सांगून नवा घ्या. नवी आरसी आली की तिच्यावरचा मालक क्रमांक आणि पोर्टलवर नंबर टाकून कर्जाची नोंद तपासा, आणि मागे ठेवलेली रक्कम त्याच दिवशी चुकती करा.